उकळू नका, पिळा

“मूठभर चिंगहाव घ्या. पाण्यात भिजत घाला. पिळून रस काढा आणि सगळा पिऊन टाका.”

तापावरचा हा उतारा चौथ्या शतकातल्या चीनमधला. लिहिणारे वैद्य गे होंग. चिंगहाव म्हणजे कातरल्यासारख्या पानांची, उग्र वासाची वनस्पती. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा हिच्याच गोतातला.

१९६७. व्हिएतनाम युद्धात जंगलात लढणारे, चीनच्या मित्र उत्तर व्हिएतनामचे सैनिक मलेरियाने पटापट आजारी पडत होते आणि क्लोरोक्विन हे नेहमीचं औषध लागू पडेनासं झालं होतं. चीनने २३ मे रोजी गुप्त मोहीम सुरू केली, तारखेवरूनच (आधी महिना, मग दिवस) तिचं नाव पडलं ५२३. दोन वर्षांनी बीजिंगमधल्या औषध-संशोधक थू योयो तिच्यात आल्या, वय ३८. त्यांच्या गटाने जुनी बाडं चाळून दोन हजारांहून जास्त नुस्खे गोळा केले.

चिंगहावचा अर्क उंदरांना दिला, तर एकदा गुण यायचा, पुढच्या खेपेला नाही. थूंनी गे होंगची ती ओळ पुन्हा वाचली. चिनी औषधं बहुतेक काढा करूनच घेतात. इथे मात्र उकळण्याचा उल्लेखच नाही! आचेनेच गुण जात असेल का?

मग पाणी सोडून ईथर हा द्रव घेतला. तो ३५ अंशांनाच उकळतो, त्यामुळे पानांना फारशी आच लागत नाही. ऑक्टोबर १९७१, नमुना क्रमांक १९१. उंदरांच्या रक्तात एकही जंतू उरला नाही.

माणसांसाठी अर्क भरपूर हवा होता आणि कारखाने बंद. घरात पाणी साठवायचे रांजण आणले, त्यांतच पानं ईथरमध्ये भिजवली. खोलीत वारा नाही. कुणाला घेरी यायची, कुणाच्या नाकातून रक्त यायचं. थूंच्या यकृताला सूज आली.

तरी १९७२ साली अर्क आधी घेतला तो थू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीच. आठवडाभर दवाखान्यात राहिले, काही बिघडलं नाही. मग हायनान बेटावरचे रुग्ण. त्यांचा ताप उतरला.

त्याच वर्षी अर्कातून शुद्ध स्फटिक हाती आले, गुण देणाऱ्या मूळ द्रव्याचे, म्हणजे आर्टेमिसिनिनचे. रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरून बसलेले. सगळी करामत तिथेच. मलेरियाचा जंतू आपलं रक्त पचवतो, त्यातलं लोह मोकळं होतं आणि ही जोडी फोडतं. त्यातून जे निघतं, ते त्या जंतूलाच जाळतं.