'देण्यात यावे', पण कुणी?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'लोकचळवळीत सहभाग : का आणि कसा'. त्यातला 'का' मी गाळणार आहे. बाहेर एवढं भरून आलेलं असताना तुम्ही इथे येऊन बसलात, म्हणजे 'का' तुमचं तुम्हीच ठरवून आलाय. राहिला 'कसा'. त्याचे पाच मुद्दे काढलेत, ते घेणारच आहे. त्याआधी एक किस्सा. संयोजक हसतायत, कारण त्यांनी तो दोनदा ऐकलाय.

अशा बैठकीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वय सत्तावीस आणि खिशात आठ पानी भाषण. प्रश्न होता आमच्या भागातल्या मोकळ्या मैदानाचा. रात्री ट्रक येऊन तिथे राडारोडा टाकून जायचे. माझं भाषण फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू व्हायचं आणि मैदानापर्यंत सहाव्या पानावर पोचायचं. बैठक सहाची. पावणेसहाला जातो तर दाराला कुलूप आणि पायऱ्यांवर दहा माणसं. किल्ली ज्यांच्याकडे, ते लग्नाला गेलेले. दुसरी किल्ली त्यांच्या मेव्हण्यांकडे. मेव्हणे फोन उचलेनात.

दीड तास आम्ही पायऱ्यांवर होतो. पहिली दहा मिनिटं सगळे किल्लीवाल्याला शिव्या देण्यात एकदिल. (चळवळीला समान शत्रू लागतो म्हणतात, तो आम्हाला असा फुकटात मिळाला.) मग एक बाई बोलायला लागल्या. त्यांची खिडकी मैदानाकडे. ट्रकचे नंबर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते, गॅस सिलिंडर आल्याच्या तारखांच्या शेजारी. चार महिन्यांचे. खालच्या पायरीवर एक निवृत्त भूमापक बसले होते. त्या जागेवर नकाशात कसलं आरक्षण आहे, हे त्यांना तोंडपाठ. ही दोन माणसं अकरा वर्षं एकाच गल्लीत राहत होती आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. कॅलेंडर आणि नकाशा यांची गाठ पडली ती मेव्हण्यांच्या कृपेने.

मेव्हणे साडेसातला आले. आम्ही आत गेलो, पंखे लावले, आणि अध्यक्षांनी प्रास्ताविकाला सुरुवात केली. म्हणजे बैठक संपल्यावर.

शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "अक्षर बरं आहे का हो तुमचं?" मी हो म्हटलं. त्यांनी कोपरे दुमडलेली एक वही माझ्या मांडीवर ठेवली आणि निघून गेल्या. त्यांचा संध्याकाळचा क्लास होता. मैदानाची वही माझ्याकडे नंतर नऊ वर्षं होती. भाषण अजून खिशातच आहे म्हणायचं.

घरी जाऊन वहीची जुनी पानं चाळली. 'आयुक्तांना निवेदन देण्यात यावे असे सर्वानुमते ठरले.' पुढच्या महिन्यात, 'निवेदन त्वरित देण्यात यावे असे ठरले.' त्याच्या पुढच्या महिन्यात, 'निवेदन न दिल्याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला.' खेद तरी कुणी व्यक्त केला? पत्ता नाही! हा प्रयोग कर्मणी की भावे, यावर इथल्या मराठीच्या बाईंनी बाहेर जाऊन वाद घालावा. माझं म्हणणं एवढंच की चळवळी पोलिसांनी मोडल्या त्यापेक्षा जास्त या वाक्यरचनेनं मोडल्यात. पुढच्या बैठकीपासून मी लिहायला लागलो : 'निवेदन अमुक यांनी सोमवारी द्यावे आणि पोच आणावी.' नाव, वार, पोच. परिणाम असा की पुढच्या वेळी एकोणीसाऐवजी बारा जण आले. पण निवेदन गेलं. सोबत कॅलेंडरची झेरॉक्स.

आणि हे काही आमच्या गल्लीपुरतं नाही. रोझा पार्क्स म्हटलं की अमेरिकेत गोऱ्या प्रवाशासाठी बसमध्ये जागेवरून न उठलेली कृष्णवर्णीय बाई, एवढंच आपल्याला माहीत. त्याच्या बारा वर्षं आधी, 1943 मध्ये, त्या मॉन्टगोमेरीतल्या नागरी हक्क संघटनेच्या शाखेच्या बैठकीला गेल्या आणि सचिव झाल्या. कशा? त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय : तिथे बाई मी एकटीच, त्यांना सचिव हवी होती, आणि नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. म्हणजे तिथेही काकू होत्याच! पुढे डिसेंबर 1955 मध्ये त्यांना अटक झाली, त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बसवर बहिष्कार घाला अशी हजारो पत्रकं काढली. त्यानंतर 381 दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत. ते 381 दिवस भाषणांवर निघाले नाहीत. कुणाला कुठून किती वाजता मोटारीत घ्यायचं, याच्या चोख व्यवस्थेवर निघाले.

आपल्याकडे राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना घ्या. 1994 च्या डिसेंबरात त्यांची पहिली जनसुनवाई झाली. काय केलं? सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचले. ज्यांच्या नावापुढे मजुरी लावलेली, ती माणसं समोरच बसलेली. न केलेल्या कामाची मजुरी आपल्या नावावर निघालीय, हे त्यांना तिथे कळलं. माहिती अधिकाराचा कायदा 2005 मध्ये आला, त्याच्या मुळाशी हे वाचन आहे. तिथेही शेवटी एक वहीच, फक्त ती सरकारची होती.

ही चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' कुणी लिहिली त्याचं नाव नाही, बघा.

बरं, पाच मुद्दे. पळत घेतो. पहिला : पहिल्या तीन बैठकांत सूचना करू नका, काम मागा, आणि ते पंधरा दिवसांत संपणारं मागा. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. दुसरा : नवीन माणूस आला तर त्याला त्याच दिवशी काहीतरी हातात द्या, वही, किल्ली, बॅनरचं एक टोक. कार्यकर्ते मिळत नाहीत ही तक्रार मी जिथे जिथे ऐकली तिथे किल्ली, वही आणि माइक एकाच माणसाकडे होते.

तिसरा, कार्यक्रम. मोर्चापेक्षा आधी काहीतरी साधं करा, स्वच्छता, मुलांचे खेळ, झाडांची मोजणी. आंदोलनाला न येणारी माणसं तिथे येतात आणि आपला भूमापक त्यांच्यातच असतो. परवानगी मात्र लेखी घ्या. चौथा, मतभेद. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते. त्यासोबत त्यांचा अभ्यासगटही आहे. तिथे निर्णय होत नाहीत, नुसती चर्चा होते. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. यावर वीस मिनिटं बोलणार होतो, तीच ती पायऱ्यांवर गेली.

पाचवा : सोडता आलं पाहिजे. वही सोपवा आणि घरी जा, कारण न सांगता. काकूंनी मला कुठे कारण दिलं होतं… नाही, दिलं होतं. क्लास.

मैदानाचं काय झालं? अर्ध्यावरचा राडारोडा निघाला. अर्ध्याचा खटला चालू आहे. आरक्षणाच्या नकाशाची प्रत बघायची असेल त्यांनी नंतर भेटा.

आता वही फिरवतोय. मागच्या रांगेपासून सुरू करा, पुढचे नेहमीचेच आहेत. नाव आणि आठवड्यातले कुठले दोन तास, एवढंच लिहा. पेन माझं आहे, परत द्या.