चौथी एअर होस्टेस आली नाही तर

नमस्कार मंडळी. आधी चिपीचा विमानतळ झाला, मग जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपावरनं विमानं उडायला लागली, त्यामुळे आपल्या कुडाळ-सावंतवाडीकडे विमान ही काय नवलाईची गोष्ट राहिली नाही. आता फ्लाइट कॅन्सल झाली की आपण म्हणतो पाऊस असेल नाहीतर बिघाड असेल, पण कितीदा तरी विमान ठणठणीत असतं आणि भांडण ऑफिसात असतं, त्याबद्दलच आज बोलायचंय.

एक साधा नियम बघा. विमानात दर ५० सीटमागे एक केबिन क्रू लागतो, म्हणजे १८० सीटच्या विमानाला चार. तिघीजणी आल्या आणि चौथीने सिक कळवलं, बदली कोणी मिळालं नाही, तर पायलट तयार, इंधन भरलेलं, माणसं बोर्डिंग पास घेऊन लाइनीत उभी, तरी ते भरलेलं विमान हलत नाही. संप पुकारायची गरजच नाही.

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचं हेच झालं. दोन कंपन्या एकत्र करायचं चाललं होतं, आम्हाला समान वागणूक नाही असं क्रूचं म्हणणं होतं, ते धुमसत राहिलं आणि मग एकदम शेकडो जणांनी सिक लीव्ह टाकली. कंपनीने २५ जणांना काढून टाकलं आणि ९ मे ला दिल्लीत चीफ लेबर कमिशनरसमोर बसून परत घेतलं! अहो मग हेच बोलणं आधी का नाही केलं? ही कंपनी गल्फला जाते, आणि आपल्या खेड, दापोली, रत्नागिरीकडे घराघरात कोणीतरी गल्फला आहे, ज्याची ड्युटीवर हजर व्हायची तारीख ठरलेली असते, त्याने शेठला काय सांगायचं?

एअर इंडियाचं तर जुनंच दुखणं. २००७ साली इंडियन एअरलाइन्स त्यात मिसळली, पण एका घरात दोन चुली तशाच राहिल्या, आणि नव्या ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग कोणाला द्यायचं यावरनं २०१२ मध्ये पायलटांचा संप ५८ दिवस चालला.

किंगफिशर एअरलाइन्स २०१२ ला आणि जेट एअरवेज २०१९ ला बंद पडली ती कर्जाने, हे खरंच, पण दोन्हीकडे आधी पगार थकले होते. आणि इंजिनिअरने सही केल्याशिवाय विमान उडत नाही, त्या इंजिनिअरला महिनोनमहिने पगार नाही, घराचा हप्ता थकलेला, आणि त्याने रात्री टॉर्च घेऊन चाकं तपासायची, मला तर हे ऐकूनच काळजी वाटते.

डिसेंबर २०२५ मधलं इंडिगोचं सगळ्यांना आठवत असेलच. पायलटांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरनं ४८ तास होणार हे जानेवारी २०२४ पासून माहीत होतं, तरी त्या हिशोबाने माणसांची तयारी ठेवली नाही आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द. इथे तर संपही नव्हता, माणसं घट्ट मोजून वापरायची सवय नडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमची फ्लाइट रद्द झाली तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड हा तुमचा हक्क आहे, तो ठामपणे मागा. फक्त काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका, तिची ड्युटी दुसऱ्याच कोणीतरी लावलेली असते.