बाबांचा गोळ्यांचा डबा आणि 50 हजार डॉलरचा विमा

(टेबलावर प्लास्टिकचा डबा. सोम, मंगळ, बुध असे सात कप्पे.)

हा डबा माझ्या बाबांचा. सकाळी बीपीची एक, शुगरच्या दोन, रात्री झोपताना कोलेस्टेरॉलची. आणि हा बघा (कागद वर धरते) त्यांच्या युरोप टूरच्या विम्याचा फॉर्म. प्रश्न आहे, 'पूर्वीपासून काही आजार आहे का?' आणि पुढे छापून आलंय, 'नाही'.

बाबांनी नाही लिहिलेलं. इथेच नौपाड्यातल्या एका टूरवाल्याकडे आम्ही पासपोर्टच्या झेरॉक्स दिल्या, त्याने भराभर टिकमार्क केले. "काका, टेन्शन नको, सगळं पॅकेजमध्येच आहे." बाबा खूश. मीही सही बघितली आणि पान उलटलं, खोटं कशाला बोलू.

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय प्रवास विम्यावर, आणि सुरुवात या 'नाही'पासूनच करू.

समजा, तिकडे बाबांच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलात डॉक्टर पहिलं काय विचारणार? कुठल्या गोळ्या चालू आहेत? बाबा प्रामाणिक माणूस, खिशातून हा डबाच काढून दाखवणार. केसपेपरवर लिहिलं जाणार, 'मधुमेह, आठ वर्षांपासून'. तोच कागद क्लेमबरोबर विमा कंपनीकडे जातो. तिथे तुमचा 'नाही' लिहिलेला फॉर्म आधीच उघडून ठेवलेला असतो, आणि क्लेम तिथेच अडतो.

'हो' लिहिलं तर काय होतं? कधी प्रीमियम वाढतो, कधी कंपनी जास्त तपशील मागते. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये जुन्या आजाराचा खर्च जिवावर बेतलं तरच, आणि तोही रुग्ण स्थिर होईपर्यंतच मिळतो. काही कंपन्या जादा पैसे घेऊन हे कव्हर वाढवून देतात. म्हणून विकणाऱ्याला थेट विचारायचं: "शुगर आहे हे सांगितलंय. आता शुगरमुळे काही झालं तर किती देणार?" तो "सगळं कव्हर आहे हो" म्हणाला, तर म्हणायचं, "कुठल्या पानावर आहे, दाखवा."

मी परत त्या टूरवाल्याकडे गेले. त्याने तोंड वाकडं केलं, जुनी पॉलिसी रद्द करून नवीन काढून दिली. प्रीमियम वाढला. बाबा दोन दिवस कुरकुरले, "अगं, काही होत नाही मला."

आता या मोठ्या आकड्याकडे या. 50 हजार डॉलर. ऐकायला भारी वाटतं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान 30 हजार युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळासाठी चालणारं. तेवढं असलं की व्हिसावाल्यांचं समाधान होतं. तुमचं व्हायला नको इतक्यात.

आतलं पान बघा. (बोट ठेवते) साठीच्या पुढच्या माणसांसाठी इथे वेगळा तक्ता आहे. खोलीचे रोजचे इतके, आयसीयूचे इतके, ऑपरेशनचे इतके. याला म्हणतात सब-लिमिट. आमच्या पहिल्या पॉलिसीत ऑपरेशनला 10 हजार डॉलरची मर्यादा होती. म्हणजे ऑपरेशनचं बिल 18 हजार आलं, तर वरचे 8 हजार आपल्या खिशातून. पहिल्या पानावर 50 हजार लिहिलेलं असूनसुद्धा! शिवाय डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम आपण भरायची. आमच्यात ती 100 डॉलर होती. आईबाबांसाठी घेताय ना? मग मोठ्या रकमेपेक्षा सब-लिमिट नसलेली पॉलिसी शोधा.

बॅगेचं पटकन सांगते. पट्ट्यावर बॅग आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर नावाचा कागद घ्यायचा. तो नसेल तर नंतर भांडायला हातात काहीच राहत नाही. बॅग उशिरा मिळाली तर ती हातात आल्यापासून 21 दिवसांत, मोडून आली तर 7 दिवसांत एअरलाइनला लेखी कळवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल कराराची ही मुदत आहे. आणि विम्यात साधारणपणे चेक-इन केलेलीच बॅग येते. सोन्याची बांगडी त्या बॅगेत ठेवणाऱ्या माझ्या मावशीला हे मी वेगळं समजावलंय.

ट्रिप रद्द झाली तर? पॉलिसीत छापलेल्या कारणांसाठीच पैसे मिळतात. 'आता जावंसं वाटत नाही' हे त्यात नसतं.

जाता जाता, रेल्वेचं ऑनलाइन तिकीट काढताना 45 पैशांचा विमा दिसतो ना? तो घ्या. अपघातात मृत्यू झाला तर 10 लाख मिळतात. पण नंतर नॉमिनीचं नाव भरायची लिंक येते, ती आपण सगळे जाहिरात समजून पुसून टाकतो. आणि लोकलच्या पासाला हा विमा नाही, म्हणजे आपलं रोजचं ठाणे-सीएसएमटी यात येत नाही.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निकाल देणारा अधिकारी. 50 लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं, फी नाही, वकील लागत नाही. ठाणेकरांनो, त्यांचं एक कार्यालय ठाण्यातच आहे.

आणि परदेशात अॅडमिट व्हायची वेळ आली, तर हॉस्पिटलात जातानाच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने परस्पर हॉस्पिटलला भरायची, बोलणी तिथूनच होतात. हा नंबर फक्त मुलीच्या फोनमध्ये असून उपयोग नाही, मुलगी ठाण्यात आहे. म्हणून मी तो ठळक अक्षरांत लिहून, पॉलिसी क्रमांकासकट, या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

(झाकण उघडायचा प्रयत्न करते. उघडत नाही.)

बाबांची एवढी एकच तक्रार आहे. सेलोटेप जास्त लागली, आता रविवारचा कप्पा अडकतो.