चिंचेच्या सालीवरचा स्लाइम मोल्ड

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या रेसिडेन्सी भागात जुनी, खरखरीत सालीची झाडं आहेत. चिंचेसारख्या झाडाच्या अशा सालीच्या भेगांत एकायनोस्टेलियम मिनुटम नावाचा स्लाइम मोल्ड राहू शकतो. उंची फार तर अर्धा मिलिमीटर. नावात मोल्ड असलं तरी त्याची सोयरीक बुरशीशी नाही, अमीबाशी आहे. पाऊस पडला की बीजाणूतून अमीबा निघतो, सालीवरचे जिवाणू खातो. पुढे त्याचा जीवद्रव्याचा सूक्ष्म थेंब होतो आणि त्या एका थेंबातून एकच देठ उभा राहतो, डोक्यावर बीजाणूंची गोळी घेऊन.

झाडावर तो शोधत बसू नका. अमेरिकेतल्या आयोवाच्या गिल्बर्ट आणि मार्टिन या अभ्यासकांनी १९३३ साली दाखवलेली, साल ओली ठेवून तो उगवून घेण्याची रीत घरीही जमते. जिवंत झाडाच्या सालीचे सुटत आलेले, वरवरचे तुकडे घ्या. आतली ओली साल खरवडू नका, झाडाला जखम होते. तुकडे कागदी पाकिटातच ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी माजते. पाकिटावर झाड, जागा, तारीख लगेच लिहा.

झाकणाच्या काचेच्या बशीत टिपकागद अंथरून तुकडे एका थरात मांडा. बुडतील इतकं डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं नको, त्यातल्या क्षारांनी सालीची मूळची आम्लता बदलते. चोवीस तासांनी सुटं पाणी ओतून टाका. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाणी राहिलं की बुरशीची जाळी सगळं झाकून टाकते. बशी सावलीत, पण उजेडाच्या जागी ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून रोज बघा. भिंग पुरत नाही. वीस ते चाळीस पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा आणि दिवा बाजूने तिरपा. पांढरट किंवा फिकट गुलाबी ठिपका केसाहून बारीक देठावर तरंगताना दिसेल. देठाच्या बुडाशी पसरलेले धागे असतील, तर ती साधी बुरशी. स्लाइम मोल्डचा देठ मोकळा, एकटा उभा असतो. उशीर केलात तर बीजाणू झडून नुसता देठ उरतो, आणि माइट नावाचे बारीक किडे तोही ठेवत नाहीत.

आठवडाभरात काही आलं नाही, तरी बशी रिकामी करू नका. लिसिया गटातले काही भाऊबंद कित्येक आठवड्यांनी उगवतात. ओल कायम ठेवून तीन महिने वाट पाहा. नाहीच आले, तर साल पूर्ण वाळवून पुन्हा एकदा भिजवा.