आधी ताऱ्याची चौकशी

(विजयदुर्ग येथील व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, 'पृथ्वीसारखा ग्रह सापडला.' सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचं झकास चित्र. ते चित्रकाराने काढलेलं असतं, तो ग्रह तसा कुणीच पाहिलेला नाही. बातमीत ग्रहाचा आकार असतो, तापमानाचा अंदाज असतो, आणि तो ज्याच्याभोवती फिरतो त्या ताऱ्याची बोळवण शेवटच्या ओळीत. मला हे उलटं वाटतं. स्थळ आलं की जाणती माणसं आधी घराणं विचारतात, मग मुलाचा पगार. एखाद्या ग्रहावर जीव नांदेल का, हे ठरवतानाही तोच क्रम ठेवावा.

ताऱ्याची चौकशी करायची ती त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यावरून. हे विजयदुर्गात सांगायला नको, सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी किल्ल्यावर बांधलेले 'साहेबाचे ओटे' तुमच्या रोजच्या पाहण्यातले. जाता जाता एक बोलतो, रागावू नका. १८६८च्या ग्रहणात हेलियम इथेच सापडला असं आपण अभिमानाने सांगतो. पण त्या शोधाशी ज्यांची नावं जोडली जातात, त्यांतले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या ग्रहणाला होते गुंटूरला, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडात. लॉकियर इथे आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला, वर्णपट टिपायची यंत्रं घेऊन. तेवढा मानही काही कमी नाही.

तर घराणी. थंडीत रात्री ठळक चमकणारा व्याध घ्या. वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, प्रकाश मात्र पंचवीसपट. इंधन दुप्पट आणि खर्च पंचवीसपट म्हटल्यावर संसार किती चालणार? साधारण शंभर कोटी वर्षं. पृथ्वीवर नुसत्या डोळ्यांना दिसतील असे प्राणी यायलाच जवळजवळ चारशे कोटी वर्षं गेली. व्याधाच्या अंगणात जीव जन्मला तरी शेवाळापुढे जाईपर्यंत दिवा विझायचा. दक्षिणेकडचा अगस्त्य तर त्याहून उधळ्या, त्याला यादीतून सरळ काढा.

आता दुसरं टोक, लाल बटू, म्हणजे लहान आणि थंडसर तारे. आपल्या आकाशगंगेतले चारातले तीन तारे या जातीचे, आणि तरी एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, इतके मंद. खर्च काटकसरीचा, आयुष्य लाखो कोटी वर्षांच्या घरात. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्सिमा सेंटॉरी यातलाच, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. २०१६ साली त्याच्याभोवती पृथ्वीच्या जवळपास वजनाचा ग्रह सापडला. पाणी द्रवरूप राहू शकेल अशा पट्ट्यात तो आहे. पण शेकोटी बारीक असल्यामुळे त्याला अगदी जवळ बसावं लागलंय. त्याचं वर्ष अकरा दिवसांचं. सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण विसाव्या हिश्शावर तो फिरतो.

इतक्या जवळ बसल्यावर काय होतं, हे खाडीकाठच्या माणसाला लवकर कळेल. आज अमावास्या. दुपारी वाघोटणच्या खाडीत उधाणाचं पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्ही पाहिलंत. अष्टमीला भांग असेल, तेव्हा एवढं चढणार नाही. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की उधाण, काटकोनात गेले की भांग. यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. भरती आणणारी ही ओढ अंतराच्या घनाने बदलते. अंतर निम्मं झालं की ओढ आठपट. प्रॉक्सिमाच्या ग्रहाचं ताऱ्यापासूनचं अंतर आपल्या विसावा हिस्सा, म्हणजे वीस गुणिले वीस गुणिले वीस, आठ हजारपट. तारा सूर्याच्या सुमारे एक अष्टमांश वजनाचा, म्हणून भागिले आठ. उरले हजार. आपल्याला सूर्य जेवढा ओढतो, त्याच्या हजारपट!

एवढी ओढ ग्रहाच्या गिरकीला ब्रेक लावते. आपला चंद्र असाच अडकला, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. प्रॉक्सिमाचा ग्रहही बहुधा तसाच असावा. एका बाजूला कायमची दुपार, दुसरीकडे कायमची रात्र. पूर्वी वाटायचं, रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली पडेल. १९९७ साली मनोज जोशी हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की बऱ्यापैकी दाट हवा असेल तर वारे उष्णता पलीकडे नेतात आणि ती गोठत नाही. पुढच्या गणितांत दुपारच्या बाजूला दाट ढग जमून ऊन परतवतात असंही निघालं. म्हणजे अर्ध्या जगात कायमचा आषाढ. आपण राहू की तिथे!

माझी खरी शंका वेगळी आहे. लाल बटू तारुण्यात फार तापट. सुरुवातीची कोट्यवधी वर्षं तो आजच्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो आणि पुढेही त्याच्यावर भडके उठतच राहतात. आज सुखाच्या पट्ट्यात दिसणारा ग्रह तेव्हा भाजून निघाला असेल, पाणी वाफ होऊन कधीच उडून गेलं असेल. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूभोवती सात ग्रह आहेत. २०२३ साली अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने त्यांतले आतले दोन तपासले. पहिल्याच्या दिवसाच्या बाजूचं तापमान सुमारे २३० अंश सेल्सियस निघालं आणि हवेचा मागमूस दिसला नाही. दुसऱ्यावरही शुक्रासारखी दाट हवा नाही. बाहेरच्या ग्रहांचा निकाल अजून लागायचाय.

म्हणून मला विचाराल तर मी मधल्या नारिंगी ताऱ्यांवर पैसे लावीन. सूर्यापेक्षा थोडे लहान, आयुष्य त्याच्याहून लांब, आणि लाल बटूंइतकी आदळआपट नाही. त्यांचे ग्रह पुरेसे दूर असतात, गिरकी टिकते. हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा जोडतारा असाच, सवाअकरा प्रकाशवर्षांच्या आसपास. आपला सूर्यही चांगलाच, पण त्याचाही प्रकाश वाढतोय. आणखी साधारण शंभर कोटी वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र टिकणार नाहीत. तोवर हापूसची काळजी नको.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग त्या अडकलेल्या ग्रहावर भरती-ओहोटी असेल का?)

छान विचारलंत. ओढ हजारपट, पण पाण्याचा फुगवटा जागच्या जागी. आपल्याकडे फुगवटा चंद्राकडे राहतो आणि पृथ्वी त्याच्याखालून फिरते, म्हणून किनाऱ्याला भरती लागते. तिथे फिरणंच नाही. ओहोटीला उघडा पडणारा, कालवं चिकटलेला कातळ तिथे नसणार. फक्त कक्षा किंचित लांबट असेल तर ग्रह ताऱ्याच्या जवळ-लांब होत राहील आणि फुगवटा थोडा हलेल. तेवढ्यानेही ग्रहाचं पोट आतून मळलं जातं आणि तापतं. गुरूचा आयो हा चंद्र असाच पिळला जाऊन ज्वालामुखी ओकतोय. ट्रॅपिस्टचे ग्रह एकमेकांना खेचत असल्यामुळे त्यांच्या कक्षा पूर्ण गोल होत नाहीत, तेव्हा तिथे थोडीफार अशी ऊब असणारच. ती समुद्राला पुरेल की खडकच वितळवील, हे प्रत्येक ग्रहाच्या अंतरावर ठरेल.