साच्यातला चंद्र

[दृश्य: लाकडी साचा. ओट्यावर आपटल्याचा आवाज.]

ठक. ठक.
साचा उलटा करून ओट्यावर आपटला, की तळहातावर पडतो एक गोल, नक्षीदार तुकडा. युएबिंग. युए म्हणजे चंद्र. बिंग म्हणजे पिठाचं चपटं, गोल काहीही. रोटी म्हणा, बिस्किट म्हणा, केक म्हणा. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी, तो घरोघरी कापतात. पण चिनी मिठाईची गोष्ट सांगायची, तर आधी वाळवंटात जायला हवं.

[दृश्य: तुर्फानचा उजाड माळ. भुरकट टेकड्या.]

चीनच्या वायव्येला, शिनच्यांगमधल्या तुर्फानजवळ आस्ताना ही जुनी दफनभूमी आहे. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे थांग राजवटीत, सन 618 ते 907 या काळात, मृतांसोबत ठेवलेला खाऊ आजवर टिकला. फुलांच्या आकाराची बिस्किटं. सारण भरून दुमडलेल्या, आपल्या करंजीच्या धाकट्या बहिणी वाटाव्यात अशा पुऱ्या. 1915 मध्ये ऑरेल स्टाइन यांनी इथे उत्खनन केलं. त्यांना सापडलेला काही खाऊ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कुणीतरी आपल्या माणसाच्या शेवटच्या प्रवासासाठी पिठाला पाकळ्या पाडल्या होत्या. हजार वर्षांनंतरही त्या पाकळ्या ओळखू येतात.

चिनी स्वयंपाकघर मुळात वाफेचं. भट्टीत भाजलेली, तीळ लावलेली रोटी पश्चिमेकडून, मध्य आशियाच्या वाटेनं आली. तिचं नावच हू-बिंग, परक्यांचं बिंग. पुढे ती इतकी आपली झाली, की बै ज्यूयीसारख्या मोठ्या कवीनं मित्राला तिळाचे बिंग पाठवले आणि सोबत कविताही लिहिली.

आणि गोडवा? मध होता, मोड आलेल्या धान्याचा पाक होता. दक्षिणेत ऊसही होता. पण उसापासून चांगली साखर करण्याची विद्या हवी होती. सन 647 मध्ये सम्राट थायझोंगनं ती शिकायला माणसं पाठवली, थेट मगधात. परतल्यावर यांगचौचा ऊस गाळला गेला, आणि थांगांचा इतिहास अभिमानानं नोंदवतो, की रंगात आणि चवीत ही साखर मूळ साखरेपेक्षा सरस उतरली.

[दृश्य: पिठाचे दोन गोळे, लाटणं, घड्या.]

दिवाळीत ज्यांनी चिरोटे केलेत, त्यांना पूर्व चीनमधल्या सुझौ शहराच्या युएबिंगचं गुपित वेगळं सांगायला नको. एक गोळा पीठ, पाणी आणि स्निग्धाचा. दुसरा नुसत्या पिठाचा आणि स्निग्धाचा, म्हणजे आपला साटाच. दुसरा पहिल्यात गुंडाळायचा, लाटायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचा. भाजताना पापुद्रे सुटतात. फरक एवढाच, की तिथे परंपरेनं डुकराची चरबी वापरतात. या खुसखुशीतपणाला चिनीत 'सू' म्हणतात. मूळ अर्थ मात्र लोणी-तुपासारखा दुधाचा स्निग्धांश! शब्दात दूध राहिलं, परातीत चरबी आली.

थांगांनंतरच्या सोंग काळातला कवी सू शी लिहून गेलाय, की लहानसं बिंग चंद्र चावल्यासारखं लागतं, आत सू आणि पाक. चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांविरुद्धच्या बंडाचे निरोप युएबिंगमध्ये लपवून पाठवले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. लोकांची ती फार लाडकी आहे, पण आहे लोककथाच.

पुढे ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य केलेल्या मांचूंनी बीजिंगला साचीमा दिला: तळलेल्या पिठाच्या काड्या पाकात घोळून थापलेली वडी.

[दृश्य: ग्वांगझौमधली भट्टी. ट्रे बाहेर येतो.]

आज जगभर पोचलाय तो दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांताचा युएबिंग. पारीत साखरेचा मुरलेला पाक आणि आपल्या पापडखाराच्या जातीचं क्षाराचं पाणी. आत कमळबियांचं वाटण, आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा केशरी बलक, पौर्णिमेचा चंद्र.

भट्टीतून निघालेला युएबिंग कोरडा, कडक असतो. कारागीर तो लगेच खायला देत नाहीत. दोन-तीन दिवस झाकून ठेवतात. सारणातलं तेल हळूहळू पारीत उतरतं. पारी मऊ पडते, चकाकते. चिनी कारागीर याला म्हणतात, तेल परत आलं.

मग सुरी. एकाचे चार, कधी आठ तुकडे. सोबत कडक, बिनसाखरेचा चहा.