बीजिंगमधले १२५ डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार. हवा बिघडली की आपल्याला खोकल्याची आणि दम्याची धास्ती वाटते. पण हवेतल्या बारीक कणांचा मोठा फटका बसतो हृदयाला. पुन्हा सांगतो, हृदयाला.

हे कण म्हणजे पीएम २.५. अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नाकाला ते अडवता येत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथे दाह होतो, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो आणि रक्त गोठायला सोपं होतं.

रक्त गोठायला सोपं होतं, हे दिसलं कसं? २००८ साली बीजिंगला ऑलिंपिक होतं. २० जुलैपासून सम-विषम क्रमांकांच्या गाड्या एक दिवसाआड रस्त्यावर आल्या, कितीतरी कारखाने थांबले, बांधकामं थांबली. संशोधकांनी ही संधी साधली. त्यांनी १२५ निवासी डॉक्टर निवडले. वय सरासरी चोवीस, सिगारेट न ओढणारे, धडधाकट. स्पर्धेआधी, स्पर्धेच्या काळात आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. प्लेटलेट म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक रक्तपेशी; त्या चेतल्या की रक्तात पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन वाढतं. स्वच्छ हवेच्या त्या थोड्या आठवड्यांत ते ३४ टक्क्यांनी उतरलं! गुठळी धरायला मदत करणारा व्हॉन विलेब्रँड घटक १३ टक्क्यांनी उतरला. स्पर्धा संपली, निर्बंध उठले, आणि पी-सिलेक्टिन पुन्हा चढलं, वरचा रक्तदाबही चढला. औषध बदललं नव्हतं, बदलली होती हवा. आणि ही चोविशीतली पोरं. ज्यांच्या धमनीत आधीच चरबीचा थर आहे, त्यांचं काय होत असेल?

आता आपल्याकडचं. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत कोंडते, धूर वर जातच नाही. म्हणून हृदयरोग असेल तर फिरायला ऊन चांगलं वर आल्यावर जा, तेही हमरस्ता सोडून. नेमकं पहाटेच झाडलेला पालापाचोळा पेटवतात, ही सवय तर मोडलीच पाहिजे. खड्डा करा, कुजवा, उत्तम खत होतं.

बाहेर पडावंच लागलं तर एन-९५ मास्क. रुमालाने हे कण अडत नाहीत. वरचा पट्टा डोक्यामागे, खालचा मानेवर, नाकावरची पट्टी दाबून बसवा. जोरात फुंकर मारा. गालाशी वारा लागला तर मास्क सैल आहे.

घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत रात्रभर नको.

छातीत दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर पित्त समजून थांबू नका. लगेच १०८ लावा.